मैदानावर तणनाशक फवारलं. दाद कुठे मागायची?

प्रश्न : आमच्या उपनगरात महापालिकेचं मैदान आहे. देखभालीसाठी ते एका तालीम मंडळाकडे दिलंय. माझी ११ वर्षांची मुलगी तिथे फी भरून फुटबॉल शिकते. पावसाळ्यात मैदानावर रान माजलं होतं. हंगामाआधी ते साफ करायचं म्हणून मंडळाने रविवारी रात्री तणनाशक मारलं. पाटी लावली नाही, पालकांच्या ग्रुपवर निरोपही नाही. सोमवारी सकाळी मुलं नेहमीसारखी खेळली. माझ्या मुलीच्या आणि आणखी काही मुलांच्या पायांवर, कोपरांवर लाल चट्टे उठले, डोळे चुरचुरले. मंगळवारी संध्याकाळी बघितलं तर सगळं गवत करपलेलं. भिंतीकडेला दोन रिकामे कॅन होते. एकावर ग्लायफोसेट ४१ टक्के असं लिहिलंय, त्याचा फोटो माझ्याकडे आहे. दुसऱ्याचं लेबल फाटलेलं. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "उसात मारतो तेच औषध आहे. आमच्या घरात कुणाला काय झालंय?" पालकांत दोन तट पडलेत. मैदान चांगलं झालं म्हणणारे बरेच आहेत, आणि तक्रार केली तर मुलीला संघात घेणार नाहीत अशी भीती आहे. या औषधाने कॅन्सर होतो असं वाचलं. मंडळावर केस करता येईल का?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी मुलीकडे बघू. चट्टे गेले असले तरी तिला सीपीआरला (सरकारी रुग्णालयात) किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे एकदा घेऊन जा. कॅनचा फोटो दाखवा, दुसऱ्या कॅनबद्दलही सांगा आणि केसपेपरवर "तणनाशक फवारलेल्या मैदानावर खेळल्यानंतर त्रास" असं नोंदवून घ्या. ज्या इतर मुलांना त्रास झाला त्यांच्या पालकांनाही हेच सांगा. तोंड आलं असेल किंवा श्वास लागत असेल तर एक दिवसही थांबू नका.

हे बजावून सांगायचं कारण तुमच्याच पत्रात आहे. रविवारी रात्री फवारलं आणि मंगळवारी गवत करपलं, असं तुम्ही लिहिलंय. ग्लायफोसेट इतक्या लवकर काम करत नाही. ते पानातून मुळापर्यंत जातं आणि गवत पिवळं पडायलाच बरेच दिवस लागतात. एक-दोन दिवसांत पान करपवणारी औषधं वेगळी असतात, आणि त्यातलं बाजारात सहज मिळणारं नाव म्हणजे पॅराक्वाट. फाटक्या लेबलच्या कॅनमध्ये तेच होतं असं मी म्हणत नाही. पण तुमच्या प्रकरणात महत्त्वाचा कॅन तो दुसरा आहे. पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. त्याची नोंदणी ठरावीक पिकांसाठी आहे आणि डब्यावर पिवळा त्रिकोण, म्हणजे "अतिविषारी" वर्गाची खूण असते. तो कॅन अजून तिथे असेल तर हात न लावता सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. फाटक्या लेबलवर बॅच नंबर किंवा नोंदणी क्रमांकाचा तुकडा राहिला असेल तरी पुरे.

आता कॅन्सर. हा मुद्दा तुमच्या तक्रारीत घालू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला "बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकलं, हे खरं. अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियामक संस्थांनी तो निष्कर्ष मान्य केला नाही, हेही खरं. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात ड्वेन जॉन्सन या माणसाला ज्युरीने मोन्सँटो कंपनीविरुद्ध २८.९ कोटी डॉलर मंजूर केले. तो शाळांच्या आवारात फवारणीचं काम करणारा कर्मचारी होता. अपिलात ती रक्कम सुमारे २ कोटींवर आली. त्याचा दावा उत्पादकावर होता आणि तो स्वतः हे औषध पुन्हा पुन्हा अंगावर घेत होता. तुमच्या मुलीचा एका सकाळचा संपर्क आणि पुढे कधीतरी होऊ शकणारा आजार यांचा दुवा कुठल्याही न्यायालयात जोडता येणार नाही. मंडळ हा मुद्दा पाच मिनिटांत खोडून काढेल आणि त्यासोबत तुमची खरी तक्रारही वाहून जाईल.

खरी तक्रार साधी आहे. काय फवारलं, कुणी फवारलं, कुणाच्या परवानगीने फवारलं आणि मैदान बंद का ठेवलं नाही?

"उसात मारतो तेच" या उत्तराने तुमच्याकडचे निम्मे पालक गप्प बसले असतील. करवीर तालुक्यात ज्याच्या घरी दोन गुंठे ऊस आहे त्यालाही तणनाशकाचा पंप ओळखीचा असतो. पण कायद्यात शेत आणि मैदान एक नाही. कीटकनाशके अधिनियम, १९६८ तणनाशकांनाही लागू होतो. त्याच्या कलम ३८ मध्ये सूट आहे ती घरगुती वापराला, परसबागेला आणि स्वतः कसत असलेल्या जमिनीला. शेतकरी आपल्या उसात काय मारतो याला ती सूट मिळते. महापालिकेचं मैदान यांपैकी कशातच बसत नाही. तिथे कलम १८ लागू होतं: नोंदणी नसलेलं, बंदी असलेलं किंवा या कायद्याच्या आणि नियमांच्या इतर तरतुदी मोडून कुठलंही औषध कुणी वापरू नये आणि कामगाराकडून वापरून घेऊ नये.

मंडळाची बाजूही सांगते, कारण त्यांचा वकील ती मांडणारच. ग्लायफोसेट ४१ टक्क्यांच्या लेबलवर चहाचे मळे आणि बिगरपीक क्षेत्र असा वापर दिलेला असतो. मैदान हे बिगरपीक क्षेत्रच आहे, असं ते म्हणतील आणि त्यात थोडं तथ्य आहे. मग प्रश्न उरतो कुणी फवारलं हा. सार्वजनिक जागेत व्यावसायिक फवारणी करणाऱ्याला कीटकनाशके नियम, १९७१ प्रमाणे पेस्ट कंट्रोल ऑपरेटरचा परवाना लागतो. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर फक्त अशा ऑपरेटरमार्फतच करायचा, असा आदेश काढला. उत्पादकांच्या संघटनेने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं, म्हणून सगळा भार त्या एका आदेशावर टाकू नका. पण तक्रारीत त्याचा उल्लेख जरूर करा. दुसऱ्या कॅनमध्ये पिकापुरती नोंदणी असलेलं औषध निघालं, तर मात्र मंडळाला बिगरपीक क्षेत्राची ढालही उरत नाही.

ज्याने पंप पाठीला लावला त्याच्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. बहुतेक तो मंडळाचाच एखादा पोरगा असेल, नाहीतर तीन-चारशे रुपये रोजावर आणलेला मजूर. हातमोजे नाहीत, चष्मा नाही, अंधारात वाऱ्याच्या दिशेचा पत्ता नाही. त्या रात्री सगळ्यात जास्त औषध त्याच्या अंगावर उडालं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते असेच उघड्या अंगाने काम करणारे होते. नियमांत संरक्षक कपडे, श्वसनाचं साधन आणि प्रशिक्षण देण्याची जबाबदारी काम करवून घेणाऱ्यावर आहे. तेव्हा तक्रारीत या माणसाला आरोपी करू नका. कलम १८ मधले "वापरून घेणे" हे शब्द नेमके अशा प्रसंगासाठी आहेत. तो बोलायला तयार झाला तर तुमचा सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार तोच, आणि त्यालाही डॉक्टरांची गरज असू शकते.

तक्रार द्यायची जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे, कीटकनाशक निरीक्षकाने चौकशी करावी अशा विनंतीसह. "आम्ही दुकानं आणि शेतं बघतो, मैदान आमच्याकडे येत नाही" असं तोंडी उत्तर मिळण्याची शक्यता आहे. ते लेखी मागा. प्रत महापालिका आयुक्तांना द्या आणि दोन्हीकडे पोच घ्या. मातीचा नमुना घ्यायचा असेल तर लवकर घ्या आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला आधी फोन करून विचारा. कीटकनाशकांच्या नेहमीच्या एकत्रित तपासणीत ग्लायफोसेट सापडत नाही, त्याची वेगळी चाचणी करावी लागते. हे ठाऊक नसल्याने लोक हजारो रुपये भरून "काही आढळलं नाही" असा अहवाल हातात घेऊन येतात आणि तोच पुढे त्यांच्याविरुद्ध वापरला जातो.

महापालिकेकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून तुमची गाऱ्हाणी त्यात लिहू नका. मैदान मंडळाला ज्या कराराने दिलं त्याची प्रत, देखभालीच्या अटी आणि फवारणीला दिलेली परवानगी, एवढंच मागा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. करारात रासायनिक फवारणीचा उल्लेखच नसेल, आणि बहुधा नसेल, तर मैदानाचा मालक म्हणून महापालिकेला जाब विचारण्याची जागा तुम्हाला तिथेच मिळते.

आता केसचा प्रश्न. पोलिसांत जायचं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८६ आहे: विषारी पदार्थ निष्काळजीपणे हाताळणं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा लागू शकतो. पण पेठेतल्या नाहीतर उपनगरातल्या तालमीवर गुन्हा दाखल झाला की विषय औषधाचा राहत नाही, तो इज्जतीचा होतो, आणि मग मैदान सुरक्षित करायला कुणीच पुढे येत नाही. एखाद्या मुलाला गंभीर इजा झाली असती तर माझा सल्ला वेगळा असता.

प्रांताधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली सार्वजनिक उपद्रव थांबवण्याचा अर्ज करता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १३३ ते हेच. रतलाम नगरपालिकेच्या १९८० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे नगरपालिकेची "पैसे नाहीत" ही सबब नाकारली होती. पण होऊन गेलेल्या एका फवारणीसाठी प्रांत आदेश काढतील असं मला वाटत नाही. पुन्हा फवारणार असल्याचं कळलं की त्याच दिवशी अर्ज द्या, तेव्हा तो उपयोगी पडेल.

"पुण्याला हरित लवादात (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणात) जा" असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. लवादाच्या कायद्याला जोडलेल्या यादीत सात कायदे आहेत आणि कीटकनाशके अधिनियम त्यात नाही. पंप किंवा कॅन गटारीत धुतले असतील तर जलप्रदूषण कायद्याचा रस्ता उघडतो, पण एवढ्यासाठी तो सोसवणारा नाही. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. त्यामुळे रिट याचिकेचा मोह होणं साहजिक आहे. तिथे पहिला प्रश्न येईल, "आयुक्तांकडे गेला होतात का?" वरचे कागद तयार असतील तरच तिकडे वळा.

भरपाई हवी असेल तर त्यातल्या त्यात जवळचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. तुम्ही फी भरली आहे, त्यामुळे सुरक्षित मैदान देणं हा त्या सेवेचाच भाग आहे. मुदत दोन वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणात फी नाही. फीची पावती नसेल तर ऑनलाइन भरल्याचा दाखला चालेल. मिळणारी रक्कम मोठी नसेल. दवाखान्याचा खर्च आणि थोडी भरपाई, एवढीच अपेक्षा ठेवा.

महापालिकेवर दिवाणी दावा करायची वेळ आलीच तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. ही तारीख घटनेच्या दिवसापासून मोजा आणि लिहून ठेवा.

मैदानांवर तणनाशक फवारायला बंदी घालणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही, हे मला मनापासून खटकतं. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशात उद्यानं, क्रीडांगणं आणि शाळेची मैदानं इथे रासायनिक फवारणी कमीत कमी करावी किंवा थांबवावी असं स्पष्ट म्हटलंय. न्यूयॉर्क राज्याने २०१० मध्ये शाळा आणि पाळणाघरांच्या मैदानांवर ती बंदच केली, आणि फ्रान्सने २०२२ पासून क्रीडांगणांनाही बंदी लागू केली. ज्या शहरात पोरं चालायला लागली की चेंडूला लाथ मारतात, त्या कोल्हापूरच्या महापालिकेला असा ठराव करायला राज्याच्या कायद्याची वाट बघायची गरज नाही. मैदान भाड्याने देताना करारात एक अट घातली तरी भागतं.

म्हणून सुरुवात मंडळाला पत्र देऊन करा, आणि त्यावर "मैदान चांगलं झालं" म्हणणाऱ्या पालकांच्याही सह्या घ्या. त्यांचंही म्हणणं खरं आहे. गवतात दडलेल्या खड्ड्यात पाय मुरगळतो, पावसाळ्यात साप निघतो, मैदान साफ व्हायलाच हवं. पत्रात एवढंच मागा: गवत ग्रासकटरने काढावं, फवारणी अटळ असेल तर आठ दिवस आधी औषधाच्या नावासह पाटी लागावी, काम परवानाधारकाकडूनच व्हावं, लेबलवर सांगितलेला काळ मैदानाला कुलूप असावं आणि रिकामे कॅन आवारात राहू नयेत. याला नाही म्हणणं मंडळाला जड जाईल. वीस-पंचवीस सह्या असल्या की एकट्या तुमच्या मुलीवर राग काढताही येणार नाही. तरीही तिला वगळलं तर ते ग्राहक तक्रारीत स्वतंत्र मुद्दा म्हणून घाला. त्यासाठी प्रशिक्षकांचे मेसेज जपून ठेवा.

कॅनचे फोटो ज्या फोनवर काढलेत त्यातून मूळ फाइल पुसू नका आणि फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रतीपेक्षा मूळ फोटोवर ते देणं कितीतरी सोपं जातं.