स्पॅनिश शिकण्याआधी इंग्रजी सुधारायलाच हवं का?

प्रश्न: मी पुण्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळा साताऱ्याजवळच्या गावात, मराठी माध्यमात झाली. यंदा स्पॅनिशचा सुरुवातीचा कोर्स घेतलाय, पण शिकवणं सगळं इंग्रजीतून. मी आधी इंग्रजी समजून घेते, मग स्पॅनिश. तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. हे वर्ष इंग्रजीला देऊन पुढच्या वर्षी स्पॅनिश घेऊ का? आणखी एक, ‘धन्यवाद’ला सर ‘ग्राथियास’ म्हणतात आणि मोबाइलवर ‘ग्रासियास’ ऐकू येतं. बरोबर कुठलं?

उत्तर: नाही, कोर्स सोडू नकोस. मी बरीच वर्षं स्पॅनिश शिकवतेय आणि ठामपणे सांगते, तुझ्याकडे जे आहे ते पुरेसं आहे. फक्त वहीत उजव्या बाजूला अर्थ लिहितेस ना, तो इंग्रजीत लिहिणं आजपासून बंद कर. मराठीत लिही.

का, ते बघ. ‘आवडणे’ हा धडा आला की वर्गात हमखास गोंधळ होतो. इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता, म्हणून मुलं ‘यो’ म्हणजे ‘मी’ धरून ‘यो गुस्तो’ लिहून मोकळी होतात. तू मराठीतून विचार कर. मला चहा आवडतो, मला आंबे आवडतात. क्रियापद कोणामागे गेलं? चहामागे, आंब्यांमागे. स्पॅनिशमध्येही तेच: ‘मे गुस्ता एल ते’, ‘मे गुस्तान लोस मांगोस’. ‘मे’ म्हणजे आपलं ‘मला’. दुखण्याचंही तसंच. डोकं दुखतं तेव्हा ‘दुएले’, पाय दुखतात तेव्हा ‘दुएलेन’. हे तुला कोणी शिकवायची गरजच नाही, तू लहानपणापासून असंच बोलतेस.

दुसरी जागा. ‘मी पुस्तक शोधतेय’ म्हणतेस, पण ‘मी बहिणीला शोधतेय’. पुस्तकाला ‘ला’ लागत नाही, बहिणीला लागतो. स्पॅनिशमध्ये ‘बुस्को उन लिब्रो’, पण ‘बुस्को आ मि एर्माना’. माणूस आला की ‘आ’. इंग्रजीत असं काही नाही, त्यामुळे हा ‘आ’ मुलं पुढच्या पातळीवरही विसरतात. तू विसरायचं कारण नाही.

उच्चारातही तू पुढेच आहेस. प, त, क हे आपल्यासारखेच, हवेचा झोत न सोडता. दोन ‘र’ असलेला जाडा उच्चार अनेकांना जमत नाही. तू ‘भर्रकन’ मोठ्याने म्हण, तीच जीभ तसाच हिसका देते. मात्र स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहायची सवय लावून घेऊ नकोस. स्पॅनिशच्या लिपीत ‘बी’ आणि ‘व्ही’ ही दोन अक्षरं असली तरी उच्चार एकच आहे. देवनागरीत तू एकीकडे ब आणि दुसरीकडे व लिहिशील आणि तो फरक जिभेत बसेल.

जिथे मराठी मदत करत नाही तिथे खरी मेहनत घे. नामांचं लिंग हा त्यातला मोठा भाग. आपला हात पुल्लिंगी, त्यांचा ‘मानो’ स्त्रीलिंगी; आपला चंद्र पुल्लिंगी, त्यांची ‘लुना’ स्त्रीलिंगी. शेवटी ‘आ’ दिसला म्हणून स्त्रीलिंगी धरशील तर ‘एल मापा’, ‘एल प्रोब्लेमा’ हे पुल्लिंगी शब्द आडवे येतील. म्हणून नाम कधीच एकटं पाठ करू नकोस, पुल्लिंगी ‘एल’ किंवा स्त्रीलिंगी ‘ला’ सकटच कर.

आणि ‘सेर’-‘एस्तार’. आपल्याकडे दोन्हींना ‘आहे’ चालतं, तिथे निवडावं लागतं. कायमचं असेल तर ‘सेर’, तात्पुरतं असेल तर ‘एस्तार’ असा नियम सर्रास सांगतात, तो मला पटत नाही. पुणे महाराष्ट्रात आहे, ते कुठे जाणार? तरी तिथे ‘एस्ता’, म्हणजे ‘एस्तार’चंच रूप, येतं. मेलेल्या माणसालाही ‘एस्ता मुएर्तो’च म्हणतात. सुरुवातीला एवढंच धर: कोण, काय, कुठली याला ‘सेर’, वस्तू किंवा गाव कुठे आहे, कोण कशा अवस्थेत आहे याला ‘एस्तार’. तू साताऱ्याची, म्हणून ‘सेर’चं रूप: ‘सोय दे सातारा’; पण आत्ता पुण्यात, म्हणून ‘एस्तार’चं: ‘एस्तोय एन पुणे’.

पुढे इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी संस्थेची ‘डेले’ ही स्पॅनिशची परीक्षा द्यायची झाली, तर तिच्या ए-१ या सुरुवातीच्या पातळीचीही प्रश्नपत्रिका सूचनांसकट स्पॅनिशमध्येच असते. वाचन आणि लेखन मिळून ५० पैकी ३०, ऐकणं आणि बोलणं मिळून ५० पैकी ३० गुण लागतात. त्यात इंग्रजी कुठेच येत नाही. सरांच्या इंग्रजीतलं एखादं वाक्य निसटलं तर हात वर करून सरळ विचार. शिकवणाऱ्याला त्याचा आनंदच होतो.

‘ग्राथियास’ आणि ‘ग्रासियास’ दोन्ही बरोबर. स्पेनच्या बऱ्याच भागात ‘थ’ म्हणतात; लॅटिन अमेरिकेत, कॅनरी बेटांवर आणि अंदालुसियाच्या काही भागांत ‘स’. परीक्षेत दोन्ही चालतात. तू सध्या सरांसारखं म्हण, फक्त ‘ग्राथियास’मधल्या या ‘थ’च्या जागी एका शब्दात ‘थ’ आणि दुसऱ्यात ‘स’ अशी सरमिसळ करू नकोस.