पुशरॉड, सिंगल कॅम की डबल कॅम: घरच्या घरी सांभाळायला कोणतं इंजिन सोपं?

जुनी गाडी घेऊन स्वतःच्या हाताने सांभाळायची आहे, तर कुठल्या पद्धतीच्या व्हॉल्वचं (मिस्त्रींच्या भाषेत वॉल, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल आत आणि धूर बाहेर सोडणारी झडप) इंजिन साधं पडेल, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: जुनं कास्ट आयर्न बुलेटचं पुशरॉड इंजिन, म्हणजे वॉल उघडणारा फिरता कॅम खाली आणि तिथून लांब दांडी (पुशरॉड) वरचे वॉल हलवते ते. यावर डबल कॅमवाले (दोन कॅम वर हेडमध्येच, म्हणजे इंजिनच्या डोक्यात) तुटून पडतील, पडू देत. माझा मेव्हणा वर्षानुवर्षं तेच करतोय.

आमची बुलेट वडिलांची. गोव्याला जायचं म्हणून कोल्हापुरात एका गॅरेजला सर्व्हिसिंगला टाकली आणि बजावून सांगितलं, टॅपेटला (कॅम आणि वॉल यांच्या मधला भाग, याचाच गॅप सेट करतात) हात लावू नका. गाडी परत आली ती शिलाई मशीनसारखी गोड चालत. पोरगा अभिमानाने म्हणाला, "साहेब, टिकटिक येत होती, काढून टाकली." तिथेच माझ्या पोटात गोळा आला, पण मेव्हणा डबल कॅम घेऊन दारात उभा होता, निघालो.

आजऱ्याच्या पुढे गाडीने आयडलिंग सोडलं. चहाला थांबलो आणि पुन्हा किक मारली तर ती पोकळ गेली, कॉम्प्रेशनच नाही. मेव्हणा लगेच फोन काढून टेम्पो शोधायला लागला. "भावोजी, सांगत होतो ना, ही पुराणवस्तू विका." मी म्हटलं, आधी चहा घे, इंजिन गार होऊ दे.

गार झाल्यावर सिलेंडरच्या बुडाशी उजव्या बाजूचं टॅपेट कव्हर काढलं. एकच नट असतो. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणला, म्हणजे दोन्ही वॉल बंद. आता पुशरॉड दोन बोटांनी गोल फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. एक्झॉस्टचा (धूर सोडणाऱ्या वॉलचा) जागचा हलेना. तीन पाने लागतात: एक टॅपेटला धरायला, एक ॲडजस्टरला, एक लॉकनटला. फिलर गेजसुद्धा (गॅप मोजायची पातळ पत्ती) लागत नाही, बोटाला कळतं. सैल केला, कव्हर लावलं, किक मारली आणि आंबोली उतरून सावंतवाडीत जेवलो. टाकी काढली नाही, हेड उघडलं नाही. मेव्हणा जेवताना रस्त्यांवर बोलत होता, इंजिनवर नाही.

टिकटिक म्हणजे बिघाड, हे खूळ मिस्त्री लोकांच्या डोक्यातून जात नाही. वॉल सीटवर टेकतो तेव्हा त्याची उष्णता हेडमध्ये उतरते. टॅपेट घट्ट असला तर वॉल पूर्ण टेकतच नाही, आणि एक्झॉस्टचा वॉल मुकाट्याने जळतो. सैल टॅपेट ओरडून सांगतो, घट्ट टॅपेट गप्प बसून खर्चात टाकतो.

बाकीच्यांचं थोडक्यात. स्प्लेंडरसारख्या सिंगल कॅममध्ये (हेडमध्ये एकच कॅम) हेडवरच्या दोन टोप्या काढा, मॅग्नेटोची (इंजिनच्या बाजूच्या फिरत्या चाकाची) खूण जुळवा, फिलर गेज घालून स्क्रू फिरवा. हेही घरी जमतं. 2020 पासूनचं रॉयल एनफिल्ड मीटिओरचं जे-सिरीज इंजिनही सिंगल कॅमच आहे. मधल्या काळातल्या यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) बुलेटला पुशरॉड आहेत, पण टॅपेट हायड्रॉलिक, ऑइलच्या दाबाने आपोआप जुळणारे. तिथे सेटिंग करायचंच नसतं, फक्त ऑइल वेळेवर बदला.

डबल कॅममध्ये बकेट (वॉलवरची टोपी) आणि शिम (गॅप ठरवणारी छोटी चकती) असतील तर गॅप मोजायलाच टाकी, एअरबॉक्स आणि काय काय उतरवावं लागतं. गॅप चुकला तर बहुतेक इंजिनांत कॅम बाहेर काढायचा, हिशेब करून नेमक्या जाडीची शिम घालायची. आमच्या मेव्हण्याची गाडी त्या जाडीची शिम गॅरेजात नाही म्हणून तिथेच पडून होती. कॅम उघडाच. मी काही बोललो नाही, फक्त त्याला बुलेटवरून ऑफिसला सोडलं.

डुकाटीचं डेस्मो तर विचारूच नका. स्प्रिंग वॉल बंद करत नाही, त्यासाठी वेगळा रॉकर (वॉल हलवणारी आडवी दांडी), म्हणजे प्रत्येक वॉलला दोन गॅप. त्यांनी स्वतःच 2020 च्या मल्टिस्ट्राडा व्ही-फोरमध्ये स्प्रिंग परत आणली आणि वॉल तपासणी 60,000 किलोमीटरवर नेली.

आता मेव्हण्याच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर तो खाली कमेंट करेल. शिमचा गॅप सहसा फार काळ हलत नाही, म्हणून तपासणी खूप किलोमीटरांनी येते. स्क्रूवाल्या टॅपेटकडे मात्र दर थोड्या हजार किलोमीटरला बघावं लागतं. जास्त आरपीएमला पुशरॉडची जड फौज टिकत नाही, तिथे डबल कॅमच हवा. आणि कास्ट आयर्न बुलेटचे टॅपेट सोपे असले तरी ऑइल गळती आणि ब्रेक हे वेगळे नवस आहेत. रोज ऑफिसला जायचं असेल तर गुमान स्प्लेंडर घ्या.

बुलेटच बघायला गेलात तर मालकाला आधी सांगा, इंजिन गार ठेवा. गार असताना किक मारा, मग चांगली तापवून पुन्हा मारा. तापल्यावर पोकळ लागली तर टॅपेट घट्ट आहेत किंवा वॉल जळलाय. पहिलं फुकटात सुटतं, दुसऱ्यासाठी हेड उतरवावं लागतं. भाव मात्र दुसरंच धरून करा. आणि मालक म्हणाला, "बघा, टॅपेटचा जरासुद्धा आवाज नाही," तर आणखी थोडा पाडा.