आजोबांच्या कुळागरात मुलाला पाठवावं का?

सप्रेम नमस्कार.

तुमचा मुलगा यंदा बी.एस्सी. कृषी झाला आणि म्हापसा सोडून वाळपईजवळच्या आजोबांच्या एकरभर कुळागरात, म्हणजे सुपारीच्या मिश्र बागेत, राहायचं म्हणतो. त्याने आधी नोकरी धरावी, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर त्याला जाऊ द्या, पण पहिलं वर्ष घरखर्च बागेवर टाकू नका. वाळपईत खत-बियाण्यांच्या दुकानात किंवा रोपवाटिकेत त्याने अर्ध्या दिवसाचं काम धरावं.

२.७ मीटर अंतराने एकरात साडेपाचशेच्या आसपास पोफळी (सुपारीची झाडं) बसतात. सुपारी उतरते दिवाळीनंतर, काजू फेब्रुवारी ते मे. जून ते सप्टेंबर उत्पन्न जवळपास नाहीच, खर्च मात्र तेव्हाच. त्या चार महिन्यांचे पैसे आधी बाजूला काढा. मेलेल्या झाडांच्या जागी नवी पोफळ लावली, तर तिला फळ धरायला ५-६ वर्षं जातात.

पावसात बाग जाते ती कोळेरोगाने. कोवळी सुपारी कुजून गळते. त्यावर १ टक्का बोर्डो मिश्रण. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) ५० लिटर पाण्यात, १ किलो चुना दुसऱ्या ५० लिटरांत, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपांत. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओतायचं. त्यात लोखंडी सुरी थोडा वेळ बुडवून पाहावी. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. तसंच मारलं तर झाड करपतं. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, दुसरी ४०-४५ दिवसांनी उघडीप बघून. बहुतेकांची अडचण होते ती झाडावर चढून फवारणाऱ्या माणसाची, कारण तो सगळ्यांना एकाच आठवड्यात हवा असतो. एप्रिलमध्येच त्याच्याशी बोलून ठेवा. केळी लावायची तर माकडांचा बंदोबस्त आधी, रोपं मागाहून.

खरी काळजी मला कागदांची वाटते. वाळपईच्या सत्तरी तालुक्यात कसणारा एक आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा) नाव भलत्याचंच, असं पुष्कळ ठिकाणी आहे. नाव नसेल तर कृषी खात्याच्या अनुदानाला अडतं. आजोबांच्या मागे वारसांची इन्व्हेंटरी (वारस ठरवून वाटणी करायची कोर्टातली प्रक्रिया) झाली नसेल, तर मुलाच्या आत्यांचाही हक्क तिथे आहे. पंप किंवा कुंपणावर पैसे घालण्याआधी त्यांच्याशी मोकळेपणाने बोला.

एक-चौदाची प्रत काढून त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते कळवा, म्हणजे वकिलाकडे काय विचारायचं ते सांगता येईल.