विमानातला जांभळा उजेड नक्की कशासाठी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: माझी लेक इंग्लंडात स्विंडनला असते. डिसेंबरात तिच्याकडे गेलो तेव्हा विमानात चढताना आत सगळं जांभळं-गुलाबी दिसत होतं, जेवण आलं तेव्हा पिवळसर झालं, मग हळूहळू काळोख आणि उतरायच्या आधी परत केशरी. आमचे मिस्टर म्हणाले नुसती शोबाजी आहे, तिकिटाचे पैसे असेच वसूल करतात. मला मात्र छान झोप लागली. खरं काय आहे? आणि परत गोव्यात आल्यावर आठवडाभर माझ्या झोपेचं खोबरं झालं, त्याला काही उपाय?
— एक वाचक, पेडणे

उत्तर: ताई, तुमचे मिस्टर अर्धे बरोबर आहेत. मुंबईहून मोपाला तासाभराची फ्लाइट असेल आणि आत जांभळा उजेड असेल तर तो बहुतेक करून ब्रँडिंगचाच भाग, कंपनीचा रंग तुमच्या लक्षात राहावा म्हणून. 2007 साली अमेरिकेत व्हर्जिन अमेरिका ही विमानकंपनी सुरू झाली तेव्हा त्यांनी असाच जांभळा-गुलाबी उजेड ठेवला होता आणि लोक त्याचे फोटो काढायचे, तिथून ही फॅशन जोरात पसरली. पण आठ-दहा तासांच्या फ्लाइटमध्ये हाच उजेड खरंच कामाला येतो, आणि ते मी मनापासून सांगतोय कारण मी वर्षानुवर्षं केबिनच्या दुरुस्तीतच काम केलंय, जुन्या ट्यूबलाइटची विमानंही बघितलीत आणि नवीनही.

जुन्या विमानात सामानाच्या कप्प्यांच्या वर-खाली ट्यूब असायच्या. त्यांना फार तर दोन-तीन पायऱ्या, ब्राइट, डिम आणि बंद. रात्रभराचा प्रवास, लोक गाढ झोपलेले, आणि नाश्त्याची वेळ झाली की फाडकन सगळे दिवे लागायचे, लहान मुलं रडायला लागायची. आता तिथे एलईडीच्या पट्ट्या असतात, एकेका पट्टीत लाल, हिरवे, निळे आणि वेगळे पांढरे असे बारीक बारीक दिवे, आणि त्यांचं प्रमाण कमी-जास्त करून हवा तो रंग काढता येतो. बोर्डिंग, जेवण, झोप, सूर्योदय असे सीन आधीच भरून ठेवलेले असतात, केबिन क्रूने दारापाशी असलेल्या टचस्क्रीनवर बोट लावलं की झालं, आणि मुख्य म्हणजे एका सीनवरून दुसऱ्यावर जायला मुद्दाम बराच वेळ लावतात, म्हणून तर तुम्हाला रंग कधी बदलला ते कळलंच नसेल. ड्रीमलायनर म्हणजे बोइंग 787 हे विमान ऑक्टोबर 2011 मध्ये जपानच्या एएनए या विमानकंपनीने पहिल्यांदा प्रवाशांसाठी उडवलं, एअर इंडियाकडे ते 2012 मध्ये आलं, त्यात हा उजेड सुरुवातीपासूनच होता.

आता झोपेचं बघूया. आपल्या डोळ्यात बघण्यासाठी ज्या पेशी असतात त्या सोडून आणखी थोड्या वेगळ्या पेशी असतात, त्या 2002 च्या सुमारास नीट सापडल्या. त्यांचं काम चित्र दाखवणं नाहीच मुळी, बाहेर दिवस आहे की रात्र एवढं त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. निळसर उजेड, साधारण 480 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, त्यांना सगळ्यात जास्त जागं करतो, आणि तो मिळाला की झोपेचं जे मेलाटोनिन नावाचं हार्मोन असतं ते शरीर कमी करतं. केशरी-लालसर मंद उजेडात तसं फारसं होत नाही. म्हणून झोपायच्या आधी केशरी आणि मग काळोख, आणि उठवताना आधी केशरी मग पांढरट निळसर, हा क्रम कोणाच्या तरी आवडीने आलेला नाही. तुम्हाला छान झोप लागली त्यात या उजेडाचा हात असू शकतो.

पण मर्यादाही सांगतो, कारण जाहिरातीत असं दाखवतात की रंगीत दिवे लावले आणि जेट लॅग, म्हणजे लांबच्या प्रवासाने बिघडलेलं झोपेचं घड्याळ, लगेच बरा झाला, तसं नाहीये. आपल्या घरातल्या उजेडाची ताकद काहीशे लक्स (उजेड मोजायचं माप) असते, ढगाळ दिवसातसुद्धा बाहेर अंगणात त्याच्या कितीतरी पट, आणि भर उन्हात लाखाच्या घरात जाते. केबिनमधला मूड लाइट तर घरापेक्षाही मंद. शरीराचं घड्याळ खरं फिरवतं ते बाहेरचं ऊन, विमानातला उजेड फक्त त्याला उलट्या दिशेने ढकलत नाही आणि झोपेच्या आड येत नाही, तेवढंही पुष्कळ आहे म्हणा. 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास विमानकंपनीने न्यूयॉर्क आणि लंडनहून थेट सिडनीपर्यंत ड्रीमलायनर नेऊन सिडनी विद्यापीठातल्या लोकांबरोबर चाचणी केली होती, त्यात उजेडाबरोबर जेवणाच्या वेळा आणि हालचालसुद्धा सिडनीच्या घड्याळाप्रमाणे बदलली होती. म्हणजे एकटा उजेड नाही, सगळं मिळून.

आता तुमचं आठवडाभराचं खोबरं. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. जाताना सोपं जातं कारण दिवस लांबवायचा असतो आणि जागरण आपल्याला जमतं, परत येताना घड्याळ पुढे ओढायचं असतं, ते शरीराला जड जातं, दिवसाला साधारण एखादा तास एवढंच ते सरकतं. आणि इथेच सगळे एक चूक करतात, घरी पोचले की दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला उठून तुळशीला पाणी घालायला उन्हात जाऊन बसतात, कारण सकाळचं ऊन चांगलं असं ऐकलेलं असतं. ऊन चांगलंच, पण तुमचं शरीर अजून लंडनमध्ये आहे! तुम्ही तिथे सातला उठत असाल तर पहाटे साडेचारच्या आसपास शरीराची खरी मध्यरात्र असते, आणि त्याच्या आधी डोळ्यावर जोरात उजेड पडला तर घड्याळ पुढे जायच्या ऐवजी आणखी मागे जातं. लंडनचे साडेचार म्हणजे हिवाळ्यात आपले सकाळचे दहा. म्हणून पहिल्या दिवशी दहा-साडेदहापर्यंत घरात पडदे ओढून राहा, बाहेर पडलंच पाहिजे असेल तर गॉगल लावा, आणि अकरानंतर मात्र भरपूर उजेडात राहा, बाजारात जा, देवळात जा, अंगणात बसा. दुसऱ्या दिवसापासून ही वेळ रोज तासभर अलीकडे घेत चला. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नको, हे आपल्या गोव्यात सांगणं कठीण आहे हे मला माहीत आहे, पण तेवढे चार दिवस पाळा.

प्रश्न: मी मस्कतला कामाला आहे, रात्रीच्या फ्लाइटने ये-जा असते. लँडिंगच्या वेळी दिवे का बंद करतात? माझा रूममेट म्हणतो इंजिनला पॉवर कमी पडते म्हणून. आणि खिडकी उघडा म्हणून झोपेतून उठवतात ते कशाला?
— वास्को

उत्तर: पॉवरचा काही संबंध नाही भाऊ, इंजिनच्या मानाने दिव्यांची वीज म्हणजे काहीच नाही, आणि एलईडी आल्यापासून तर आणखीच कमी. कारण तुमचे डोळे आहेत. उजेडातून एकदम काळोखात गेलं की थोडा वेळ काहीच दिसत नाही, काळोखाला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. टेकऑफ आणि लँडिंग हे जास्त जोखमीचे क्षण, तेव्हा काही झालं आणि वीज गेली तर दाराकडे धावायला डोळे आधीच थोडे तयार असावेत म्हणून दिवे मंद करून ठेवतात. विमानाला परवानगी देतानाच दाखवावं लागतं की अर्धी दारं बंद ठेवून, काळोखात, भरलेलं विमान 90 सेकंदात रिकामं होतं. त्या 90 सेकंदात दहा सेकंद चाचपडण्यात गेले तर काय होईल, विचार करा.

खिडकीचंही तेच. कुठल्या बाजूला आग आहे, कुठल्या बाजूने उतरायचं हे क्रूला आणि बाहेरून येणाऱ्या मदतवाल्यांनाही दिसलं पाहिजे. गोव्याचा दाबोळी विमानतळ नौदलाच्या तळावर असल्याने तिथे फोटो काढू नका वगैरे सूचना असतात, तिथे खिडकीबद्दल क्रू जे सांगेल तेच करायचं, वाद घालायचा नाही.

आणि एक गोष्ट, पुढच्या वेळी चढताना पायाखाली बघा. वाटेच्या कडेला जमिनीवर एक फिकट पिवळट-हिरवी पट्टी असते, बऱ्याच विमानात तिला वायर नसतेच. उजेड पिऊन घेते आणि काळोखात हिरवी चमकते. आम्ही सकाळी पहिल्या फ्लाइटच्या आधी केबिनचे पांढरे दिवे ठरलेला वेळ फुल लावून ठेवायचो ते या पट्टीसाठी, तिला पांढऱ्यातला निळा भाग लागतो, केशरी मूड लाइटवर ती भरत नाही. एकदा भरली की दिवे घालवून वाकून बघायचं, मागच्या गॅलीपासून, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकाच्या जागेपासून, पुढच्या दारापर्यंत हिरवी रेघ सरळ दिसली पाहिजे, मध्ये कुठे काळा तुकडा आला की ती पट्टी पुसायची नाहीतर बदलायची. प्रवाशांना वाटतं विमान उगाच रिकामं दिवे लावून उभं आहे, ते उगाच नसतं. तो हिरवा रंगसुद्धा मुद्दाम आहे, काळोखात आपल्या डोळ्यांना त्याच्या आसपासचाच रंग सगळ्यात जास्त दिसतो.

प्रश्न: जांभळ्या उजेडात जेवणाचा रंग विचित्र का दिसतो? आणि एका विमानात छतावरचा एकच तुकडा बाकीच्यांपेक्षा जास्त गुलाबी दिसत होता, तो बिघडला होता का?
— मडगाव

उत्तर: वस्तूवर जो रंग पडतो त्यातलाच ती परत देऊ शकते. उजेडात लाल नसेल तर माशाचं हुमण काळपट दिसणारच, आणि शेजारच्या माणसाचा चेहरा आजारी दिसणार. लाल-हिरवा-निळा मिसळून पांढरा बनवला तरी त्यात मधले रंग तुटक असतात, म्हणून तर वेगळे पांढरे दिवे घालतात आणि जेवण वाढताना तेच उबदार करून लावतात. जे जेवण जांभळ्यातच वाढतात त्यांना माझा विरोध आहे, आधीच वर हवेत जिभेला चव कमी लागते, निदान दिसायला तरी नीट असू दे.

गुलाबी तुकडा बिघडलेला नव्हता, बहुतेक नवा बसवलेला असणार. एलईडी वापरून वापरून मंदावतात, आणि सगळे रंग सारखे मंदावत नाहीत, त्यामुळे जुन्या पट्ट्यांच्या रांगेत नवी लावली की ती उठून दिसते. मग तिला बाकीच्यांशी जुळवून घ्यावं लागतं, आणि ते काम केलं की नाही ते जांभळ्या सीनमध्ये लगेच उघडं पडतं, पांढऱ्यात कळतसुद्धा नाही.

प्रश्न: काका, ड्रीमलायनरच्या खिडकीला शटर नसतं, बटण असतं म्हणे. काच काळी कशी होते?
— नववीतला विद्यार्थी, डिचोली

उत्तर: अरे, मस्त प्रश्न. दोन पातळ पारदर्शक थरांच्या मध्ये एक जेल असतं. बटण दाबलं की थोडासा करंट जातो, जेलमधल्या रसायनात बदल होतो आणि ते उजेड शोषायला लागतं, करंट काढला की परत स्वच्छ. काही गाड्यांमध्ये मागच्या गाडीचे हेडलाइट पडल्यावर आतला आरसा आपोआप काळपट होतो ना, तीच युक्ती, आणि तीच कंपनी दोन्ही बनवते, जेंटेक्स. लगेच होत नाही, जरा वेळ लागतो, म्हणून लोक परत परत बटण दाबत बसतात. ही खिडकी साधारण 47 सेंटिमीटर उंच आणि 27 रुंद, नेहमीच्या विमानांपेक्षा बरीच मोठी. क्रू सगळ्या खिडक्या एकदम काळ्या करू शकतो, लोक झोपलेले असताना एकाने शटर उघडलं आणि ऊन सगळ्यांच्या तोंडावर, असं होत नाही. पूर्ण काळी केली तरी सूर्याचा गोळा निळसर दिसतो, तो मला फार आवडायचा, पण तू त्याच्याकडे टक लावून बघू नकोस.

प्रश्न: चवथीला माटोळीभोवती रंगीत एलईडीची पट्टी लावली होती, ती आता मुलाने त्याच्या खोलीत लावलीय, रात्रभर निळी चालू ठेवतो आणि म्हणतो विमानात पण असतं. चालेल का?
— वाळपई

उत्तर: पट्टी राहू दे, निळा नको. विमानातसुद्धा झोपेच्या वेळी निळा असलाच तर अगदी गडद आणि मंद, आणि तोही कोणीतरी उठून टॉयलेटला जाताना पडू नये म्हणून. घरात रात्रभर डोळ्यासमोर निळा म्हणजे मेंदूला रात्रभर सकाळ झाली असं सांगत राहणं. रिमोटवर केशरी किंवा लाल असतो, तो सगळ्यात कमी ब्राइटनेसवर लावा, आणि पट्टी उशाच्या भिंतीवरून काढून पलंगाच्या खालच्या कडेला चिकटवा, म्हणजे उजेड जमिनीवर पडेल, डोळ्यात नाही. त्या रिमोटमध्ये टायमर असेल तर अर्ध्या तासाचा लावून द्या, आणि अभ्यासाला मात्र टेबलावर चांगला पांढराच दिवा हवा.