बॅगपाइप बँड, मोठा सोहळा आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पाइप बँडवर दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. बहुतेक जण पहिल्यांदाच कुठल्यातरी मोठ्या कार्यक्रमात वाजवणार आहेत आणि सगळ्यांना टेन्शन आलंय, त्यातले थोडे प्रश्न इथे घेतेय.

प्रश्न : ताई, आमच्या बँडला मोठ्या सोहळ्यात संचलन करत वाजवायचंय, टीव्हीवर लाइव्ह दाखवणार आहेत. उभं राहून मला सगळं नीट येतं पण चालायला लागलो की दम पुरत नाही आणि सूर हलतो. छातीचे व्यायाम करू का?

उत्तर : कर की, व्यायामाने कुणाचं वाईट झालंय, पण तुझा प्रश्न छातीचा नाहीच. बॅगपाइप वाजतो तो पिशवीच्या जोरावर. तू फुंकतोस तेव्हा पिशवी भरते, श्वास घ्यायला थांबलास की हात पिशवी दाबून तोच दाब टिकवतो, आणि ही अदलाबदल होताना दाब जरा जरी कमीजास्त झाला की चँटरचा, म्हणजे बोटं ठेवतो त्या भोकांच्या नळीचा, सूर वरखाली होतो. उभा असताना हे सवयीने होतं, चालताना मात्र पाऊल पडलं की फुंकायचं असं नकळत व्हायला लागतं आणि मग सूरसुद्धा पावलाबरोबर डुलतो. त्यामुळे काही दिवस धून बाजूला ठेव, नुसता लो ए (चँटरचा खालून दुसरा सूर) लाव आणि चाल. सरळ चाल, वळ, जागच्या जागी कदम ताल कर, सूर सरळ रेषेत राहिला पाहिजे, एवढंच. चँटरला ट्यूनर लावून मित्राला बघायला सांग, स्वतःला ते कळत नाही.

दुसरं म्हणजे तुझी रीड (हवेने थरथरून सूर काढणारी पातळ पट्टी) बघ. निम्म्या वेळा दम कमी पडत नसतोच, रीडच फार कडक असते आणि पोरं उगाच मर्दुमकी म्हणून तीच वापरत बसतात, ज्याची काहीही गरज नाही. जरा मऊ रीड घे, पण सोहळ्याच्या आदल्या दिवशी नको, काही आठवडे आधी, कारण नवी रीड मुरायला वेळ लागतो. तरीही नाहीच पुरलं तर पाइप मेजरला (बँडचा प्रमुख पाइपर) विचारून एखाद्या ड्रोनला बूच लाव, हवा वाचते. ड्रोन म्हणजे खांद्यावरच्या त्या तीन नळ्या (उडणारे नाही हां), एक बेस आणि दोन टेनर, तानपुऱ्यासारखा एकच सूर धरून असतात. मोठ्या बँडमध्ये नवशिक्याचा एक ड्रोन बंद असला तर कुणाच्या बापाला कळत नाही.

प्रश्न : आमचे सर धुनेपेक्षा सुरुवात आणि शेवट यांचीच प्रॅक्टिस जास्त घेतात, कंटाळा आलाय. एवढं काय असतं त्यात?

उत्तर : तुझे सर बरोबर आहेत आणि तुला कंटाळा आलाय तेही बरोबर आहे, पण कंटाळा गिळ.

बाकीच्या वाद्यात हळूच सुरू करून मग मोठा आवाज करता येतो, पाइपमध्ये ते नाहीच. आवाज आहे किंवा नाही, मधलं काही नाही. आणि पिशवीत दाब नसतो तेव्हा शून्यापासून पूर्ण दाबापर्यंत एका क्षणात जावं लागतं, ते एकट्याला जमतं पण वीस तीस जणांना एकाच क्षणी जमलं पाहिजे, खरी अवघड गोष्ट ती आहे. साधारण पद्धत अशी की पाइप मेजर हुकूम देतो, ड्रम दोन रोल देतात, दुसऱ्या रोलला पिशवीवर हात मारून ड्रोन जागे करायचे, मग सगळ्यांनी एकत्र ई हा सूर वाजवायचा आणि तिथून धुनेत शिरायचं. नेमकं कितव्या ठोक्याला काय हे बँडबँडवर अवलंबून असतं, तुमच्याकडे ठरलंय तेच खरं. एकाचा जरी ई आधी निसटला तरी तो किंकाळीसारखा ऐकू येतो, अख्ख्या मैदानाला. उशिरा जागा झालेला ड्रोन आधी घुरघुरतो, तेही ऐकू येतं. मधे तू दोन ग्रेस नोट (मुख्य सुरांमधले क्षणभराचे सूर) खाल्ल्यास तर शेजारच्यालाच कळेल आणि तो काही बोलणार नाही कारण त्यानेही खाल्लेल्या असतात.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो ग्रीन या मैदानावर जागतिक पाइप बँड स्पर्धा होते तिथेसुद्धा परीक्षक ही सुरुवात कान देऊन ऐकतात, मग सोहळ्यात तर लोक फक्त तेवढंच लक्षात ठेवतात. आणि शेवट. शेवटच्या सुरावर हात झटकन सैल, फुंकणं बंद, पिशवीतली उरलेली हवा ड्रोनमध्ये जाऊ द्यायची नाही, नाहीतर सगळं शांत झाल्यावर एकच पाइप म्हशीसारखा रेकत राहतो. पुढे पाहुणे उभे असताना.

प्रश्न : मधेच चुकलो तर काय करायचं? थांबायचं का?

उत्तर : पाय थांबवायचे नाहीत, ओळ मोडायची नाही, तोंडावर काही दाखवायचं नाही. कुठे आहोत तेच कळेनासं झालं तर चँटर गप्प कर आणि बोटं फिरवत राहा, पुढच्या भागाची सुरुवात आली की आत ये. चुकीचे सूर मोठ्याने वाजवत शोधत बसण्यापेक्षा एक पाइप गप्प असलेला केव्हाही चांगला.

प्रश्न : प्रॅक्टिसला आम्ही एकदम सुरात असतो पण प्रत्यक्ष कार्यक्रमात सगळे वेगवेगळे वाजतात. असं का होतं?

उत्तर : कारण मोठ्या सोहळ्यात वाजवणं थोडा वेळ आणि थांबणं तासन् तास. सुरक्षा तपासणी, भाषणं, पाहुणे उशिरा, आणि तुम्ही उन्हात किंवा थंडीत रांगेत उभे. चँटर गरम झाला की सूर चढतो, गार झाला की उतरतो, ड्रोन त्याच प्रमाणात बदलत नाहीत, म्हणून सकाळी जुळवलेलं दुपारी तुटतं. शिवाय फुंकताना ओल जाते आणि रीड भिजते, फार ओली झाली तर ड्रोन बंदच पडतो. ओल टिपायला फुंकणीच्या आत वॉटर ट्रॅप बसवून घ्या, पावसाळी हवेत तर नक्कीच.

थांबायच्या वेळात पाइप पूर्ण गार होऊ देऊ नका, परवानगी असेल तिथे अधूनमधून थोडं वाजवत राहा, नसेल तर थंडीत चँटर निदान कोटाच्या आत धरा. आणि सूर जुळवायचं काम पाइप मेजरचं. त्याने एकेकाला जुळवून दिल्यावर स्वतःच्या कानाने ‘जरासं’ फिरवणारे जे असतात ना, ते प्रत्येक बँडमध्ये दोन तरी असतात आणि त्यांच्यामुळेच अर्धा घोळ होतो. चँटरचा एखादा सूर तेवढाच चढा असेल तर त्या भोकाच्या वरच्या बाजूला टेपचा तुकडा लावून तो उतरवतात, तेही पाइप मेजरलाच करू द्या.

अजून एक, तुमच्याबरोबर ब्रास बँड पण वाजवणार असेल तर आधीच बोलून ठेवा. पाइपवाले ज्याला ए म्हणतात तो आजकाल 470 ते 480 हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे ब्रासवाल्यांच्या बी फ्लॅटच्याही वर. त्यांचा बी फ्लॅट 466 च्या जवळ. एकत्र वाजवायचं तर खास त्या सुराचे चँटर लागतात, ऐन दिवशी टेप लावून भागत नाही.

प्रश्न : आयोजकांनी एक लोकप्रिय गाणं वाजवा असा आग्रह धरलाय. बॅगपाइपवर कुठलंही गाणं बसतं ना?

उत्तर : नाही. चँटरवर एकूण 9 सूर, लो जी ते हाय ए, बस्स. गाणं त्याच्या वर किंवा खाली गेलं, किंवा मधले कोमल तीव्र मागायला लागलं की अडलं. थांबणं पण नाही, एकदा सुरू झाला की आवाज सलग, म्हणून तर एकाच सुराचे दोन ठोके वेगळे दाखवायला मधे ग्रेस नोट घालावी लागते. आयोजकांना गाणं गाऊन दाखवू नका, सरळ नाही म्हणा आणि बसेल असं दुसरं सुचवा. दोन तीन बँड एकत्र येणार असतील तर धून तीच असून भागत नाही, ग्रेस नोटसकट एकच नोटेशन सगळ्यांनी पाठ केलं पाहिजे. एडिनबरोच्या किल्ल्यासमोर 1950 पासून टॅटू (लष्करी बँडांचा सोहळा, गोंदण नाही) भरतो, तिथे वेगवेगळ्या रेजिमेंटचे आणि देशांचे पाइपर एका रांगेत वाजवतात, ते एकसारखं लिहिलेलं वाजवतात म्हणूनच.

प्रश्न : स्मृतिसोहळ्यात बँडचं झाल्यावर मला एकटीला शोकधून वाजवायला सांगितलंय. उभी राहून वाजवू की चालत?

उत्तर : दोन्ही चालतं, पण चालत दूर जाणार असशील तर वाट आधी चालून बघ. 2022 मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या अंत्यविधीला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांच्या खास पाइपरने (हे पद 1843 पासूनचं, व्हिक्टोरिया राणीने सुरू केलेलं) असंच केलं होतं, वाजवत वाजवत तो निघून गेला. पाइपवर आवाज कमी करता येत नाही, तो फक्त लांब नेता येतो. मात्र पायऱ्या, दार, वळण हे सगळं मोजून ठेव, दारात ड्रोन अडकले तर शोकसभेत हसू फुटेल. आणि शोकधून फार हळू ओढू नकोस, दाब सांभाळणं तिथेच कठीण जातं.

प्रश्न : माझी मुलगी स्नेअर ड्रम (खड्या आवाजाचा छोटा ड्रम) वाजवते, तिच्या मागेच पाइपरची रांग असते. घरी आली की कान वाजतात म्हणते. सवय होईल का?

उत्तर : सवय होत नाही हो, ऐकू कमी यायला लागतं आणि आपण त्याला सवय म्हणतो. पाइपजवळचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो, त्यात स्नेअर. संगीतकारांसाठीचे इअरप्लग मिळतात, त्यात सूर ओळखू येतात आणि जोर कमी होतो, ते प्रॅक्टिसलाही लावायला सांगा, नुसतं सोहळ्याला नाही. कान वाजणं थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, लगेच.

प्रश्न : नवीन गणवेश आदल्या दिवशीच मिळणार आहे. चालेल ना?

उत्तर : अजिबात नाही, भांडा आणि आधी मागून घ्या. खांद्यावरचा प्लेड (चौकड्यांचं जाड कापड) आणि आडवा पट्टा नेमका पिशवीच्या बाजूला येतो, हात पिशवीवर नेहमीसारखा बसत नाही, ड्रोन घसरतात, आणि हे साध्या कपड्यात प्रॅक्टिस करून कळत नाही. उंच टोपी असेल तर वाऱ्यात मान धरावी लागते. निदान दोन प्रॅक्टिस पूर्ण गणवेशात करा, बूट तर त्याही आधीपासून घालायला लागा.