मामा-भाच्याचा वाद आणि पानिपतची बातमी

प्रश्न: भाचा म्हणतो आजचं जग विसाव्या शतकाने घडवलं, कॉम्प्युटर, अणुबॉम्ब वगैरे. मी म्हणतो पंधराव्या, कारण कोलंबस आणि वास्को द गामा. दिवाळीपासून वाद चालूय. तुमचं मत काय?
– एक मामा, सातारा

उत्तर: मामा, माझं मत एकोणिसाव्याला! तुमची बाजू तशी दमदार आहे, पोर्तुगीजांनी अमेरिकेतली मिरची गोव्यात आणली नसती तर आपण अजून मिरीवरच भागवत बसलो असतो, बटाटा-टोमॅटो पण तिकडचेच. पण बातमी तेव्हाही घोड्याच्या नाहीतर जहाजाच्या पुढे जात नव्हती. पानिपत आठवा ना. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली आणि नानासाहेब पेशव्यांना कळलं कितीतरी दिवसांनी, ते पण वाटेत हाती लागलेल्या सावकारी पत्रातून, दोन मोती गळाले वगैरे.

आता पुढचं शतक बघा. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे रेल्वे, १८६९ ला सुएझ कालवा आणि १८७० ला मुंबई समुद्राखालच्या केबलने लंडनशी जोडली गेली, म्हणजे बोटीने जायला काही आठवडे लागायचे ती बातमी काही तासांत. त्याच्या थोडं आधी, १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडकला आणि मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला, लोकांनी शेअर्समध्ये वेड्यासारखे पैसे ओतले न १८६५ ला युद्ध संपलं तसं सगळं धाडकन खाली. लढले कुठे न बुडाले कोण! ओळखीचं वाटतंय ना?

घड्याळ पण त्याच शतकाचं. रेल्वेला गावोगावची वेगळी वेळ परवडेना, मग १८८४ ला वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रिनिचला शून्य रेखांश ठरला. आपली मुंबई मात्र हट्टी, १९०६ ला प्रमाणवेळ आली तरी ३९ मिनिटं मागचा बॉम्बे टाइम इथे १९५५ पर्यंत टिकून होता.

सगळं छानच होतं असंही नाही हं, याच शतकात माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि त्या पैशावर इथे बंगले उठले.

राहिला भाचा. विजेशिवाय त्याचा कॉम्प्युटर काय कामाचा, आणि जनित्राचं मूळ फॅरेडेच्या १८३१ च्या प्रयोगात. शिवाय त्याला विचारा, परदेशातलं रील मोबाईलवर कसं येतं. सॅटेलाइट म्हणेल बघा. बहुतेक सगळं अजून समुद्राखालच्या केबलनेच येतं.