'लेबल लावणे', 'शिक्का मारणे' आणि 'शिक्का बसणे'

समाजशास्त्रावरील एका लेखाचा अनुवाद करणाऱ्या वाचकाने विचारले आहे, की 'लेबल' या शब्दाला मराठीत सर्वत्र 'शिक्का' हा एकच प्रतिशब्द वापरला तर चालेल काय. त्यांच्या लेखात बाटलीवरचे लेबल आहे, तसेच 'गुन्हेगार', 'वेडा', 'ढ' ही माणसांना लावलेली लेबलेही आहेत. आणि 'त्याच्यावर गुन्हेगाराचा शिक्का बसतो' हे वाक्य पुन्हा पुन्हा आले आहे.

माझे मत असे, की एकच शब्द चालणार नाही, कारण मराठीने हे काम अनेक शब्दांत वाटून ठेवले आहे आणि ती वाटणी अर्थपूर्ण आहे. बाटलीवरच्या कागदाला 'लेबल' किंवा 'चिठ्ठी' म्हणावे. ती चिकटवता येते आणि पाण्यात भिजवून काढताही येते. 'छाप' वस्तूच्या अंगातच उमटते, आणि तीच पुढे पाहणाऱ्याच्या मनावरही 'पडते'. 'बिल्ला' माणूस स्वतःच्या छातीवर लावतो, 'बिरुद' दुसऱ्याने दिलेले असले तरी ते आपण 'मिरवतो', तर 'डाग' कोणी मिरवत नाही, तो 'लागतो' आणि पुसावा लागतो. शब्द निवडताना म्हणूनच दोन गोष्टी पाहाव्यात: ही खूण कोणी केली, आणि ती निघू शकते का.

'शिक्का' या शब्दात पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच दडलेले आहे. अरबी-फारसी 'सिक्का'पासून आलेल्या या शब्दाचा मूळ संबंध नाणी पाडण्याच्या ठशाशी आहे. त्यावरून नाणे आणि राजमुद्रा हे अर्थ आले. जुन्या राजपत्रांत आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब असे, म्हणून 'शिक्कामोर्तब होणे' म्हणजे गोष्ट पक्की होणे. शिक्का वाटेल त्याला मारता येत नाही. त्यामागे सत्ता लागते. 'बट्टा' हाही नाण्यांच्याच व्यवहारातला शब्द आहे. नाणे मोडून घेताना जी रक्कम कापली जाई ती बट्टा, आणि तीच कपात माणसाच्या नावाला लागली की 'नावाला बट्टा लागला'. माणसाची किंमत ठरवण्यासाठी भाषेने टांकसाळ आणि सराफी येथून शब्द उचलावेत, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

तेव्हा माणसांच्या बाबतीत 'शिक्का' हा शब्द योग्यच आहे. माझा आक्षेप त्यापुढच्या क्रियापदाला आहे. 'शिक्का मारणे' यात मारणारा कर्ता लागतो. 'शिक्का बसणे' यात तो नाहीसा होतो आणि पाऊस पडावा तसा शिक्का आपोआप आल्यासारखा वाटतो. बोलताना आपल्याला 'बसला' हेच सोयीचे वाटते, कारण मग कोणाचे नाव घ्यावे लागत नाही. परंतु तुमच्या लेखाचा विषय नेमका तो लपलेला कर्ताच आहे. हॉवर्ड बेकर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली मांडले, की विचलन, म्हणजे समाजाच्या नियमांपासून ढळणे, हा कृतीचा अंगभूत गुण नसून इतरांनी नियम करून ते ठरावीक माणसांना लागू करण्याचा तो परिणाम असतो. हा विचार 'बसतो' या क्रियापदाने सांगितला, तर अनुवादात शब्द राहतात आणि सिद्धान्त गळून पडतो. म्हणून 'त्याच्यावर समाज गुन्हेगाराचा शिक्का मारतो' असे लिहावे. आणि जेथे समाजाऐवजी न्यायालय, शाळा किंवा पोलीस असे निश्चित सांगता येईल, तेथे तसेच सांगावे.

'ढ' या उदाहरणाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण मराठीतील हे सर्वांत लहान आणि कदाचित सर्वांत कठोर लेबल आहे. ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बहुतेक अक्षरांची रूपे बदलत गेली, 'ढ' मात्र जवळजवळ तसेच राहिले, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणू लागले, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. व्युत्पत्ती म्हणून ते कसेही असो, त्यातील दावा लक्षात घेण्याजोगा आहे: 'तुला आज हे येत नाही' एवढेच तो शब्द सांगत नाही, 'तू बदलणार नाहीस' असेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मी भागाकार शिकवीत होतो. त्याला माझ्याकडे सोपवतानाच 'हा जरा ढ आहे' असे त्याच्यासमोर सांगितले गेले होते. तिसऱ्या पायरीवर अडताच त्याने पेन्सिल वहीवर आडवी ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाला, "मी ढ आहे ना, मला नाही येणार." त्या आवाजात तक्रार नव्हती, स्वतःचे नाव सांगावे तसे त्याने ते सांगितले. चूक फक्त हातचा वजा करण्यात होती. पण ती शोधण्याचे कारणच त्या अक्षराने काढून घेतले होते.

याची दुसरी बाजूही अभ्यासली गेली आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल आणि मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन सांगितले, की ही मुले लवकरच बुद्धीने झेप घेतील. नावे प्रत्यक्षात सोडतीसारखी निवडलेली होती. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार खालच्या इयत्तांतील त्या मुलांची बुद्ध्यांकातील वाढ इतरांहून अधिक होती. त्या प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली, हे सांगितले पाहिजे. तरीही शिक्षकाच्या अपेक्षेचा मुलावर परिणाम होतो का, हा प्रश्न त्यानंतर शिक्षणशास्त्राने सोडलेला नाही.

मालाच्या संदर्भात मात्र 'छाप' हा शब्द 'शिक्क्या'पेक्षा अधिक नेमका आहे, कारण तेथे खूण उलटूही शकते. १८८७ साली ब्रिटनने कायदा करून, ब्रिटिश भासेल अशा खुणा असलेल्या परदेशी मालावर तो कोठे तयार झाला हे लिहिणे बंधनकारक केले. 'मेड इन जर्मनी' ही अक्षरे गिऱ्हाइकाने सावध व्हावे म्हणून आली, आणि पुढे जर्मन मालाचा दर्जा वाढत गेला तशी तीच अक्षरे उत्तमपणाची खूण ठरली. शिक्का म्हणून मारलेले बिरुद म्हणून मिरवले जाऊ लागले. माणसांच्या बाबतीत असे क्वचितच घडते, कारण वस्तू वापरून पाहता येते. ज्याच्यावर शिक्का मारला आहे त्याला मात्र आपण आजमावून पाहण्याची संधीच देत नाही.

शेवटी एक वाक्प्रचार सुचवतो, जो तुमच्या अनुवादात कोठेतरी उपयोगी पडेल. मराठीत 'नाव ठेवणे' म्हणजे नामकरण करणे आणि 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. एका अनेकवचनाने कौतुकाची क्रिया निंदेची होते. ज्या परिच्छेदात शेजाऱ्यांची कुजबुज आली आहे, तेथे 'शिक्का' हा सत्तेचा शब्द जड होईल. तेथे 'लोक नावे ठेवू लागले' असे लिहावे, आणि पोलीस ठाण्यातील नोंदवहीचा उल्लेख येईल तेव्हा 'शिक्का मारला' असे.